हातांनी शिकवणाऱ्या ताराबाई मोडक



अंगणवाडी हा शब्द ठाऊक नाही असं घर आपल्या वेरुळात सापडायचं नाही. धाकट्या भावाला सकाळी तिथे सोडायचं, खाऊ खाऊन झाला की परत आणायचं, हे काम आपल्या वर्गातल्या किती तरी मुलींना रोजचंच आहे. पण हा शब्द आला कुठून? सरकारी कागदातून आला असेल, असं आम्हालाही वाटत होतं. सरकारची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली हे खरं. पण त्याच्या तीस वर्षं आधी, समुद्रकाठच्या बोर्डी नावाच्या गावी, दोन शिकलेल्या बायका दलित वस्तीतल्या अंगणात लेकरं गोळा करून बसत होत्या. अंगणात भरणारी वाडी म्हणून ती अंगणवाडी. त्या दोघींतल्या थोरल्या म्हणजे ताराबाई मोडक. त्यांची हकिकत या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी लिहीत आहोत. जरा लांबली आहे, म्हणून दोन कागद जास्त लावले आहेत. उभ्याने वाचावं लागेल, त्याला इलाज नाही.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईला झाला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई, दोघंही सुधारकी विचारांची. घरात प्रार्थना समाजाचं वळण होतं. मुलीला शिकवायचं की नाही, हा वाद त्या घरात झालाच नाही. ताराबाई शिकत गेल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळी खेड्यातली मुलगी चार बुकं शिकली तरी गावभर बोभाटा व्हायचा, हे लक्षात घेतलं म्हणजे बी. ए. होणं काय असेल ते कळतं.

पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. पती कृष्णराव मोडक हे अमरावतीचे वकील. संसार मात्र टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. पदरी लहान मुलगी होती. आपण हे दोन ओळींत लिहून टाकलं, पण शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईकडे लोक कसे बघत असतील, याची कल्पना आपल्या आयांना जास्त येईल. ताराबाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी नोकरी धरली, आणि तीसुद्धा साधीसुधी नव्हे. गुजरातेत राजकोटला शिक्षिका तयार करणारं बार्टन कॉलेज होतं, त्याच्या त्या प्राचार्य झाल्या. पगार चांगला, मान मोठा. त्यांनी तिथेच आयुष्य काढलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

पण घरात ते लहान लेकरू होतं ना! त्याला शिकवायचं कसं, हा विचार त्यांच्या डोक्यात घोळत होता. तेव्हाच्या शाळेत लहान मुलाने पाटी घेऊन मुकाट बसायचं, मास्तरांनी सांगितलेलं घोकायचं आणि चुकलं तर छडी खायची. ताराबाईंना हे पटेना. त्याच सुमारास भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराची माहिती त्यांना मिळाली.

हे गिजुभाईही गमतीचे गृहस्थ. मूळचे वकील. त्यांना १९१३ साली मुलगा झाला, आणि याला कोणत्या शाळेत घालावं या काळजीने त्यांनी पुस्तकं वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता वकिली सुटली. १९२० साली त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. तिथे छडी नाही, धाक नाही. लेकरं त्यांना मिशावाली आई म्हणायची. आपल्याकडे कुठल्या गुरुजींना असं नाव पडलेलं ऐकलं नाही!

ताराबाईंनी १९२३ साली प्राचार्यपद सोडलं आणि त्या भावनगरला गिजुभाईंच्या जोडीला गेल्या. कॉलेजच्या मुख्य बाईंनी खुर्ची सोडून तीन-चार वर्षांच्या लेकरांत जमिनीवर बसायचं, म्हणजे लोकांच्या दृष्टीने वेडेपणाच. त्या गुजराती उत्तम शिकल्या, गुजरातीतून लिहू लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, तो या दोघांच्या खटपटीनेच. त्या संघाची शिक्षणपत्रिका निघायची. मराठी पत्रिकेचं काम ताराबाईंनी सांभाळलं.

आता बालमंदिरात काय चालायचं ते सांगायला हवं, कारण खरी गंमत तिथेच आहे. इटलीत मारिया मॉन्टेसरी नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. १९०७ साली त्यांनी रोम शहरातल्या गरीब कामगारांच्या वस्तीत एक बालगृह उघडलं. लहान मूल कानापेक्षा हातांनी जास्त शिकतं, हे त्यांनी तिथे पाहिलं. म्हणून त्यांनी हातात घेण्याजोग्या वस्तू बनवल्या. एक उदाहरण देतो. लाकडाचा लांब ठोकळा, त्यात दहा भोकं, आणि त्या भोकांत बसणारे दहा दट्टे. काही जाड, काही बारीक. मुलाने सगळे काढायचे आणि परत जागच्या जागी बसवायचे. एक जरी चुकीच्या भोकात गेला तरी शेवटी एक दट्ट्या उरतो आणि तो बसता बसत नाही. मग लेकरू आपलं आपणच शोधतं की कुठे चुकलं. बाईंनी ओरडायचं कारण उरत नाही, कारण चूक तो ठोकळाच दाखवून देतो. तसेच खरखरीत कागदाची अक्षरं कापून पाटीवर चिकटवलेली. त्यांवरून बोट फिरवायचं. पेन्सिल हाती यायच्या आधीच बोटाला वळण ठाऊक झालेलं असतं. आम्ही सातवीतल्या चौघांनी डोळे मिटून हा प्रयोग करून पाहिला. क आणि फ बोटाने ओळखू आले, घ आणि ध यांत मात्र भांडणं झाली.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी हे सगळं घेतलं, पण डोळे मिटून घेतलं नाही. मॉन्टेसरीबाईंना लहान मुलांसाठी परीकथा फारशा पसंत नव्हत्या. आपल्याकडे तर गोष्टीशिवाय लेकरू झोपत नाही! या दोघांनी लोककथा, गाणी, नाच यांना बालमंदिरात जागा दिली. आम्हाला हे फार आवडलं.

इथे थोडं आपल्या गावाबद्दल. दर हिवाळ्यात कुठून कुठून सहलीच्या गाड्या वेरुळला येतात. बालवाडीच्या वयाची लेकरंही आईबापांच्या बोटाला धरून लेणी बघायला येतात. कैलास लेण्याच्या चौकात दगडाचा हत्ती दिसला की लहान लेकराचा हात आधी पुढे जातो, मग डोळे. आणि लगेच मागून कुणी तरी ओरडतं. ओरडणाऱ्याचंही चूक नाही. बाराशे वर्षांपूर्वीचं कोरीव काम आहे, १९८३ पासून जगाच्या वारशाच्या यादीत आहे. रोज हजारो घामट हात फिरले तर नाक-डोळे झिजून जातील. लेण्यात हात लावायचा नाही म्हणजे नाही. पण मग त्या लेकराच्या हातांनी जायचं कुठे?

हा प्रश्न जगात इतरांनाही पडला होता. १८९९ साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात खास मुलांसाठी पहिलं संग्रहालय उघडलं. तिथे वस्तू काचेआड बघत राहायच्या नसून हाताळायच्या, हा रिवाज पुढे पडला. आपल्या मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे. तिथलं विज्ञान उद्यान १९७९ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, खुलं झालं आणि इमारत १९८५ साली. तिथे खटके दाबायचे, चाकं फिरवायची आणि विज्ञान कसं चालतं ते स्वतः पाहायचं. पुण्यालाही आयुका संस्थेत मुलांचं विज्ञान केंद्र आहे. टाकाऊ वस्तूंची खेळणी करायला तिथे शिकवतात. हे सगळं चांगलंच आहे. पण वेरुळहून मुंबई गाठायची तर जाण्यायेण्याचं भाडं, मुक्काम आणि दोन दिवसांची मजुरी बुडणार. घरात तीन लेकरं असली तर हिशेब करायलाच नको.

ताराबाईंना नेमकं हेच टोचलं. भावनगर सोडून त्या मुंबईला आल्या. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. शाळा नावाजली. शिक्षिका तयार होऊ लागल्या. पण येणारी मुलं कोणाची? फी परवडणाऱ्या घरांची. शाळेतल्या वस्तूही महागाच्या, चांगल्या सुताराकडून मापात करून घ्याव्या लागणाऱ्या. ज्या पद्धतीचा जन्म रोमच्या गरीब वस्तीत झाला, ती आपल्याकडे येऊन पैसेवाल्यांची झाली. हे काही ताराबाईंना बघवेना.

म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, २०१४ पासून पालघर जिल्हा आहे. तिथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. तिथेच त्यांना अनुताई वाघ मिळाल्या. अनुताईंचा जन्म १९१० चा, म्हणजे ताराबाईंहून अठरा वर्षांनी धाकट्या. बालपणी लग्न झालं आणि बालपणीच वैधव्य आलं. त्याही हिमतीने शिकून शिक्षिका झालेल्या होत्या. दोघींची जी जोडी जमली ती ताराबाईंच्या मरणापर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं. आमच्या मते एकीचं चरित्र दुसरीला वगळून लिहिताच येत नाही.

बोर्डीत बालवाडी तर निघाली, पण दलित वस्तीतली लेकरं तिथवर येईनात. काहींना वाटेची भीती, काहींच्या आया पहाटेच कामाला गेलेल्या, आणि शिवाशिवीचा काच तर होताच. दुसरं कुणी असतं तर पटावर नावं लिहून गैरहजेरी मांडली असती. या दोघी उठून वस्तीत गेल्या. एखादं अंगण झाडून घ्यायचं, लेकरांना आंघोळी घालायच्या, नखं कापायची, केस विंचरायचे, आणि मग खेळ, गाणी, गोष्टी. बी. ए. झालेल्या बाई दुसऱ्यांच्या लेकरांची नाकं पुसतात हे बघून तिथल्या लोकांना काय वाटलं असेल! पण हळूहळू दारं उघडली.

तिथे दादरचे महाग ठोकळे नेऊन चालण्यासारखं नव्हतंच. मग त्यांनी भोवती पाहिलं. समुद्रकाठ असल्यामुळे शंख-शिंपले हवे तेवढे. झाडांच्या बिया, पानं, फुलं, काड्या, खडे, माती. शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावले की झाला लहान-मोठ्याचा पाठ. बिया मोजल्या की झालं गणित. पानं आकारावरून निवडली की निसर्गाचा अभ्यास. पैसा लागत नाही, आणि हरवलं तर उद्या दुसरं आणता येतं. मॉन्टेसरीबाईंची कल्पना तीच, पण सामान आपल्या मातीतलं. आम्हाला तर हे मोठ्या शहरातल्या संग्रहालयाइतकंच मोलाचं वाटतं. तिकीट नाही, कुलूप नाही, आणि वस्तूंना हात लावावा म्हणूनच मांडलेल्या!

एवढ्यावर ताराबाईंना थांबता आलं असतं. पण बोर्डीजवळच्या डोंगरात वारली आदिवासींची वस्ती होती. लोक फार गरीब, सावकार-जमीनदारांच्या वेठीला जुंपलेले. १९४५ सालीच त्या भागात वेठीविरुद्ध वारल्यांचा मोठा लढा झाला होता, गोदूताई परुळेकर त्यात पुढे होत्या. अशा घरातली लेकरं शाळेत कशी येणार? १९५७ साली ताराबाई आणि अनुताई आपलं केंद्र घेऊन कोसबाडच्या टेकडीवर राहायला गेल्या. ताराबाईंचं वय तेव्हा पासष्ट. आपल्या गावात या वयाची माणसं लेणी चढायचं म्हटलं तरी पायरीवर बसकण मारतात.

कोसबाडला त्यांच्या लक्षात आलं की आठ-दहा वर्षांची पोरं दिवसभर गुरांमागे असतात. शाळा भरते तेव्हा पोरगं कुरणात, आणि पोरगं मोकळं होतं तेव्हा शाळा सुटलेली. मग शिक्षकच कुरणात गेले. त्या शाळेला नाव पडलं कुरणशाळा. गुरं चरताहेत, पोरं सावलीत बसून शिकताहेत, एक डोळा पाटीवर आणि एक गुरांवर. एखादी गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली की निम्मा वर्ग उठून पळत असणार! हे आम्ही मनाने लिहिलं आहे, पण गुरं राखणाऱ्याला विचारा, तसं झाल्याशिवाय राहत नाही.

दुसरी अडचण मुलींची. आईबाप कामावर गेले की तान्हं लेकरू थोरल्या बहिणीच्या कडेवर. ती शाळेत कशी येईल? यावर कोसबाडला जी तोड काढली तिचं नाव विकासवाडी. तान्ह्या लेकरांचं पाळणाघर, मधल्यांची बालवाडी आणि मोठ्यांची प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. बहिणीने येताना भावंडाला घेऊनच यायचं. तान्हं पाळण्यात, बारकं बालवाडीत आणि ती आपल्या वर्गात. मधल्या सुट्टीत जाऊन बघून यायचं. आम्ही हे वाचलं तेव्हा वर्गात थोडा वेळ कुणी बोललं नाही. धाकट्याला सांभाळायला घरी कुणी नाही म्हणून शाळा बुडवणाऱ्या मुली आपल्याही वर्गात आहेत. नावं लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांतली एक मागच्या वर्षी परीक्षेच्या दिवशी भावाला कडेवर घेऊन आली होती आणि त्याने उत्तरपत्रिकेवर शाई सांडली. पालक मंडळींनी हा कागद वाचताना एवढा परिच्छेद जरा सावकाश वाचावा, अशी आम्हा मुलींची विनंती आहे.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. किताबाने त्यांच्या कामात काही फरक पडला नाही. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. वय एक्याऐंशी. सरकारची अंगणवाडी योजना आली ती त्यानंतर दोन वर्षांनी. आपण अंगणात पसरलेल्या चटईचं पुढे देशभर काय झालं, हे त्यांना बघायला मिळालं नाही, याची आम्हाला चुटपुट लागली. अनुताईंनी मात्र ते पाहिलं. कोसबाडचं काम त्यांनी पुढे चालवलं, १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि १९९२ साली त्याही गेल्या.

आता आमच्या सातवीच्या वर्गाने काय केलं ते सांगतो. पालक मंडळी आज सोबत लहान लेकरं घेऊन येणार, आणि सभेत ती रडणार, हे दरवेळचंच. म्हणून व्हरांड्याच्या डाव्या टोकाला आम्ही एक कोपरा मांडला आहे. आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून शिंपल्यांऐवजी येळगंगेतले गोटे आणले. मोठ्यापासून लहानापर्यंत बारा आहेत, ओळीने लावून बघावे. दोन करवंट्यांचा तराजू केला आहे. एका पारड्यात कापसाचं बोंड आणि दुसऱ्यात गारगोटीचा खडा टाकला की काय होतं ते लेकरांनाच बघू द्यावं, मोठ्यांनी आधी सांगू नये. बाभळीच्या वाळक्या शेंगा आहेत, त्या वाजतात. एका पिशवीत मक्याचं कणीस, लोकरीचा गुंडा, करवंटी आणि पितळेची वाटी घातली आहे. आत न बघता हाताने ओळखायचं. मुख्याध्यापकांना वाटी ओळखता आली, करवंटीला मात्र ते नारळ म्हणाले.

एका मुलाने गुंजांची माळ आणली होती. ती बाईंनी काढून ठेवायला लावली, कारण गुंज दिसायला सुंदर पण आतून विषारी असते, आणि लहान लेकरू कोणतीही वस्तू आधी तोंडात घालतं. चिंचोके आणि सीताफळाच्या बियाही त्याच कारणाने वरच्या फळीवर आहेत. बी नाकात गेली तर दवाखान्यात धावावं लागतं. पाच वर्षांवरच्यांनी मागून घ्याव्यात.

रेतीचं ताट अगदी पुढे, जमिनीवरच ठेवलं आहे. त्यात बोटाने काहीही काढावं, अक्षरच काढलं पाहिजे असं नाही. रेती सांडली तर ज्याने सांडली त्या लेकरालाच भरू द्यावी. केरसुणी दाराआड आहे.